चोवीसचा स्वेटर अठ्ठावीस: खानापूरकडच्या एका गार्टर स्वेटरचं प्रकरण

प्रकरण एका स्वेटरचं आहे. विणणाऱ्या वहिनी खानापूर तालुक्यातल्या, घालणारी त्यांची मुलगी बेळगावात हॉस्टेलवर राहून शिकणारी. स्वेटर म्हणाल तर याहून साधा सापडायचा नाही: पुढचा एक चौकोन, मागचा एक चौकोन, दोन बाह्या. मुंढा काढलेला नाही, गळ्याला गोलाई नाही, उलट टाका औषधालाही नाही. विणून झाला तेव्हा मांडीवर घेऊन मोजलेली उंची २४ इंच होती. संक्रांतीनंतर तो माझ्याकडे आला तेव्हा हँगरवर २८ इंच भरला, आणि डावी बाही उजवीहून दीड इंच लांब निघाली.

टाके मी दारात उजेडाला बसून तपासले. एकही टाका सुटलेला नाही, ओळ चुकलेली नाही, दोन्ही कडा सरळ. हात इतका सारखा की पहिल्या गुंड्याचं काम कुठलं आणि शेवटच्याचं कुठलं ते ओळखू येऊ नये. विणणारीला नावं ठेवायला जागा नाही आणि तरी स्वेटर बिघडलेला. माझ्यासारख्या विणकाम शिकवणाऱ्याला असली प्रकरणं फार उपयोगाची असतात. हात कच्चा असला की सगळं खापर हातावर फुटतं आणि खरं कारण झाकलेलंच राहतं.

काय हवं होतं, काय झालं

मुलीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला होता. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, उंची कमरेच्या खाली, जीन्सवर घालायचा ढगळ स्वेटर. वहिनींच्या डोळ्यापुढचा स्वेटर म्हणजे व्ही गळ्याचा, अंगाबरोबर, खाली बॉर्डर असलेला. "ह्यात आणि एकजण मावंल की गं," असं त्या म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "तसाच पायजे."

वहिनींनी याआधी टोपडी विणली होती, पायमोजे विणले होते आणि एक शाल. शाल गार्टरचीच, म्हणजे प्रत्येक ओळ सुलट. मुलीच्या फोटोतलं विणकामही तेच दिसलं, त्यामुळे नवीन काही शिकायची गरजच पडली नाही. जांबोटी-कणकुंबीकडे रोपलावण उरकली की पुढचे काही आठवडे पाऊस माणसाला उंबऱ्याबाहेर पडू देत नाही. विणायला तोच काळ.

लोकर बेळगावातून, गणपत गल्लीतून आणलेली. डबल निटिंग, म्हणजे मध्यम जाडीचं अ‍ॅक्रिलिक, सगळे ६०० ग्रॅम एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले. हे शहाणपण त्यांनी स्वतःच दाखवलं, आणि पुढे त्याचा फायदा झाला. अ‍ॅक्रिलिक म्हटलं की कुणीतरी हमखास विचारतं, आपल्याकडे धनगरांची एवढी मेंढरं असताना कारखान्यातली लोकर कशाला? दख्खनी मेंढीची लोकर भरड आणि राठ. घोंगडीला तिला तोड नाही; चिंचोक्याची खळ बसली की घोंगडं ताठ होतं. पण कॉलेजच्या पोरीच्या मानेला ती टोचणारच. शिवाय घोंगडी मागावर ताणा-बाणा घालून विणतात. तिच्यात फास नसतात, म्हणून ती स्वेटरसारखी लोंबत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.

लोकरीच्या लेबलावर ८ नंबरची सुई सुचवली होती, म्हणजे ४ मिलिमीटर. वहिनींनी ७ नंबरची घेतली, साडेचार मिलिमीटरची. घरात तीच होती, आणि जाड सुईवर काम भराभर सरकतं. (जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. गोल सुयांच्या पाकिटावर हल्ली सरळ मिलिमीटर छापतात, ते बरं.)

मापं अशी. मुलीची छाती ३४, त्यात १० इंच ढगळपणा धरून घेर ४४. म्हणजे एकेक भाग २२ इंच रुंद. ७ नंबरच्या सुईवर इंचाला साडेचार टाके पडत होते. २२ इंचांचे ९९ आणि एक वाढवून १०० टाके घातले. गार्टरमध्ये दोन ओळींची मिळून एक उठावाची रेघ दिसते आणि मोजायच्या त्या रेघाच. इथेही इंचाला साडेचार. २४ इंचांच्या १०८ रेघा, म्हणजे २१६ ओळी. एका भागात २१,६०० टाके झाले. पुढचा-मागचा मिळून दुप्पट, वर बाह्या. साधा स्वेटर म्हणतात तो असा असतो.

बाह्या मनगटाशी १० इंच, वर १६ इंच, लांबी २१. ही लांबी मुलीच्या शाळेतल्या जुन्या स्वेटरवरून घेतलेली. खांद्यावर दोन्हीकडून सहा-सहा इंच शिवून मधले १० इंच गळ्याला मोकळे ठेवले. झाला स्वेटर.

गणेश चतुर्थीला मुलगी घरी आली, घालून पाहिला, अगदी फोटोसारखा. त्या दिवशीचा फोटो मी पाहिलाय. खोटं नाही, खरंच छान बसला होता. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, डिसेंबरात पहाटे चांगलंच गारठतं. तेव्हापासून तो रोज अंगावर. हॉस्टेलवर बादलीत धुतला, हलका पिळला आणि ओलाच तारेवर खांद्याशी दोन चिमटे लावून टांगला. असं दोन-तीनदा झालं. एकदा सकाळी घाईत बाह्या ओलसर राहिल्या म्हणून डावीवर गरम इस्त्री फिरवली. उजवी घेणार तेवढ्यात करंट गेला. उजवी बाही वाचली ती त्यामुळे!

संक्रांतीला घरी आली तेव्हा स्वेटर मांडीपर्यंत उतरला होता. डाव्या बाहीतून बोटांची टोकं तेवढी दिसत होती, गळा एका खांद्यावरून घसरत होता. मैत्रिणी त्याला झबलं म्हणायला लागल्या होत्या. वहिनींचं म्हणणं सरळ होतं: "उसवून टाकते बाई. परत विणते."

आधी वजन, मग टेप

उसवण्याआधी कारण कळायला हवं, नाहीतर परत विणलेला स्वेटरही संक्रांतीपर्यंत तिथेच येणार. मी टेप शोधत होते, तेवढ्यात आमच्या शेजारच्या अक्कांनी स्वेटर खांद्यांना धरून वर उचलला. अक्का बेळगावातल्या शहापूरच्या, विणकरांच्या घरातल्या. कापड हातात घेतलं की त्यांना आकडे लागत नाहीत. कानडीत म्हणाल्या, "भाळ तूक ऐति." फार वजन आहे. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर ५८० ग्रॅम भरला. त्यातले दोन्ही अंगांचे, म्हणजे पुढच्या-मागच्या भागांचे, ३८० च्या आसपास, बाह्यांचे शंभर-शंभर.

मग चटईवर पसरला, हाताने थोपटून सरळ केला, न ताणता मोजला. उंची २५, रुंदी २२. उचलून हँगरवर घातला. उंची २८, रुंदी साडेवीस. याचा अर्थ वाढलेल्या चार इंचांपैकी तीन इंच निव्वळ लोंबण्याचे, झोपवला की परत जाणारे. कायमचा वाढला तो एक इंच. आणि उंचीत जे गेलं ते रुंदीतून आलं. ४४ चा घेर ४१ वर आला होता.

खरा पुरावा मात्र रेघांमध्ये सापडला. हँगरवर असतानाच खांद्याच्या खाली टेप लावून एका इंचात किती रेघा येतात ते पाहिलं: साडेतीनच्या आसपास. छातीशी चारच्या जवळ. खालच्या कडेला जवळपास साडेचार, म्हणजे विणताना होत्या तेवढ्याच. हात सैल पडल्यामुळे स्वेटर वाढला असता तर सगळीकडे सारखा वाढला असता. इथे वर जास्त, खाली जवळजवळ काहीच नाही. वरच्या ओळीवर तिच्याखालच्या सगळ्या ओळींचं ओझं. शेवटच्या ओळीवर कुणाचंच नाही. अक्कांनी तीन शब्दांत सांगितलं होतं तेच टेपने लांबण लावून सांगितलं.

गार्टरच असं का वागतं? एक ओळ सुलट, एक उलट विणली की सगळे फास एकाच अंगाला तोंड करतात आणि कापड कडेने गुंडाळी घेतं. गार्टरमध्ये एका ओळीचे फास पुढे झुकतात, पुढच्या ओळीचे मागे. ओळी एकमेकींत शिरून बसतात आणि कापड उभ्या दिशेने आखडतं, पेटीचा भाता मिटून ठेवावा तसं. म्हणूनच गार्टर कडेने वळत नाही, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, जाड आणि उबदार होतं, आणि तेवढ्याच मापाला लोकर जास्त खातं. मांडीवर ते मिटलेलंच मोजलं जातं. खांद्यावर टांगलं, खालून ओझं लागलं की उघडतं.

यात ढगळपणाची भर. अंगाबरोबरचा स्वेटर छातीशी, कमरेशी अडतो. त्याचं थोडं ओझं अंगच उचलतं. घेर दहा इंचांनी वाढवला की तो कुठेच अडत नाही, सगळा भार दोन खांद्यांवर येतो, आणि रुंदी वाढल्यामुळे तो भारही वाढलेला असतो. वर सुई एक नंबर जाड, म्हणजे फास मोठे आणि सैल. शिवाय ओलं टांगणं. अ‍ॅक्रिलिकचा धागा स्वतः फार पाणी पीत नाही, पण फासांच्या मधल्या फटींत पाणी भरून राहतं आणि ओला स्वेटर कोरड्याहून कितीतरी जड होतो. यातलं एकेक कारण एकटं असतं तर स्वेटर इंचभर वाढला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

वहिनींना हे पटवायला नमुना विणला. सुई तीच, लोकर उरलेल्या २० ग्रॅमच्या गुंड्यातली. २७ टाके आणि २७ रेघा, म्हणजे बरोबर ६ इंचांचा चौरस. (गार्टरमध्ये टाके आणि रेघा सारख्या घेतल्या की चौरस येतो. रुमाल, शाल, गोधडीचे तुकडे यांना हे फार सोयीचं.) एका अंगाचं वजन १९० ग्रॅम, रुंदी २२ इंच, ६ इंचांच्या वाट्याला ५० ग्रॅमच्या आसपास येतं. खरं तर हे पूर्ण ओझं फक्त सर्वांत वरच्या ओळीवर असतं, सरासरी निम्मीच धरायला हवी. पण बाह्या ओढतात, माणूस हातवारे करतं, उठतं-बसतं, म्हणून निम्मं न करता तेवढंच ठेवलं. नमुन्याची खालची कड लाकडी पट्टीला टाचली, म्हणजे ओढ एकाच जागी बसू नये. पट्टीला पुरचुंडीत बांधलेलं ५० ग्रॅमचं वजन, आणि वरची कड दांडीला अडकवून रात्रभर टांगून ठेवला.

सकाळी उंची ७ इंच. सहाचे सात म्हणजे चोवीसचे अठ्ठावीस! रुंदी साडेपाचहून जरा जास्त. वहिनी नमुन्याकडे बघून म्हणाल्या, "एवढासा तुकडा आधी टांगला असता तर." तोच तुकडा उसवून ८ नंबरच्या सुईवर विणला तर तेवढ्याच वजनाला साडेसहाच्या आत राहिला. पुढच्या कामासाठी हा आकडा लिहून ठेवला.

बाह्यांचं गणित वेगळं

बाह्या लांब झाल्या त्याचं निम्मं कारण लोंबणं नव्हतंच. मुलीच्या खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत हात २२ इंच. पाठीवरून खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत साडेचौदा. स्वेटरची पाठ २२ इंचांची, म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेचार-पावणेचार इंच कापड खांद्यावरून दंडावर उतरतं. शाळेच्या स्वेटरला मुंढा होता, त्याची बाही खांद्याच्या हाडापाशी सुरू व्हायची. इथे ती दंडाच्या मध्यावर सुरू होते आणि लांबी मात्र शाळेच्या स्वेटरची. पावणेचार आणि एकवीस मिळून पावणेपंचवीस, हात बावीस. पहिल्याच दिवशी बाही पावणेतीन इंच जास्त होती. चतुर्थीच्या फोटोत बाह्या दुमडलेल्या दिसतात, त्या हौसेने दुमडल्यात असं सगळ्यांना वाटलं होतं.

ढगळ स्वेटर विणायला घेणाऱ्या दहांतल्या निदान सहाजणी इथेच अडतात असं मी बघत आले आहे. अंग मोठं केलं म्हणजे बाहीही मोठी करायची, असं हात आपोआप करतो. प्रत्यक्षात अंग जेवढं रुंद, बाही तेवढी आखूड.

उजवी बाही टांगून साडेबावीस भरली. बाहीवर फक्त स्वतःचंच ओझं, म्हणून ती अंगापेक्षा कमी वाढली, दीड इंचच. डावी चोवीस. तिला हात लावला की फरक कळत होता: उजवी भरीव, दाबली की परत फुगणारी, डावी चपटी, थोडी चकचकीत, मेणचटल्यासारखी. अ‍ॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा धागा. गरम इस्त्री टेकली, त्यात ओलसर बाहीची वाफ मिळाली, की धाग्यातला उसळीपणा मरतो आणि तो परत येत नाही. मेंढीच्या लोकरीला वाफ देऊन आकार बसवतात ते बघून अ‍ॅक्रिलिकला तसं करायला जाऊ नये. काही कारागीर झुळझुळीत शाल हवी म्हणून मुद्दाम असं करतात, ते वेगळं. स्वेटरच्या बाहीला ते परवडत नाही.

उसवायचं नाही, कापायचं

मुलीने आपल्या परीने तोडगा काढला होता: वरून पट्टा बांधायचा आणि ड्रेस म्हणून घालायचा. वाईट नव्हता. पण पट्ट्याने रुंदी आवळली जाते, बाह्यांचं काही होत नाही, आणि घसरणारा गळा घसरतच राहतो. वहिनींचा सगळं उसवण्याचा विचार मला मान्य नव्हता. साठ हजारांहून जास्त टाके परत घालायचे, ते चांगल्या विणलेल्या कापडासाठी? शिवाय एकदा धुवून-घालून झालेली लोकर उसवली की नागमोडी होते आणि नव्या विणकामात हात सारखा येत नाही.

किती कमी करायचं ते त्रैराशिकाने काढलं. हँगरवर २८ इंचांत १०८ रेघा, तर २४ इंचांत साधारण ९२. खालून १६ रेघा काढायच्या. खालच्या रेघा वरच्यांइतक्या उघडलेल्या नाहीत, त्यामुळे त्या गेल्याने चार इंच पुरते जाणार नाहीत. पण ओझंही कमी होणार, म्हणजे वरच्या रेघा थोड्या मिटतील. दोन्ही मिळून हिशेब जमेल असा अंदाज होता.

विणकाम सुरुवातीच्या कडेकडून उसवत नाही, शेवटाकडून उसवतं. खालची कड ही सुरुवात, म्हणून तिथून ओढून उपयोग नाही. मधली एक ओळ कापावी लागते. हे ऐकूनच बायका हात मागे घेतात. वहिनींनीही घेतला.

आधी दोन्ही बाजूंच्या शिवणी खालून सोडवल्या. प्रत्येक भागावर खालून १६ रेघा मोजून तिथे चिमटा लावला. त्याच्या लगेच वरच्या ओळीतून लाल सुती दोरा बोथट सुईने ओवत नेला, एका फासातून दुसऱ्यात, शंभरच्या शंभर. हा दोरा आहे तोवर वरचं काही सुटू शकत नाही. मग दोऱ्याच्या खालच्या ओळीत, कडेपासून चार-पाच टाके सोडून, एका टाक्याचा एकच पदर कात्रीच्या टोकाने उचलला आणि कापला. इथे घाई केली की दोन पदर कापले जातात, म्हणून पदर आधी सुईने वर ओढून घ्यायचा, बोटावर ताणून खात्री करायची आणि मग कात्री. कापलेलं टोक सुईने एकेका फासातून बाहेर काढत गेलं की दोन्हीकडचे फास मोकळे होत जातात. वरचे मोकळे झालेले लगेच विणायच्या सुईवर. कडेशी टाका अडतो, तिथे टोक दोन फासांतून काढावं लागतं. ओढायचं नाही, सैल करत न्यायचं. शेवटच्या टाक्याला खालची पट्टी सुटून हातात येते.

सुईवर ९९ टाके आले. वहिनींनी दोनदा मोजले, चेहरा उतरला. फास उलट्या दिशेने उचलले की कडेला अर्धा टाका इकडे-तिकडे होतोच; काही सुटलेलं नव्हतं. लाल दोरा तसाच ठेवून टाके सुलट बंद केले, ६ नंबरच्या जाड सुईवर, म्हणजे कड आवळू नये. मग दोरा ओढून काढला. मागचा भाग वहिनींनी एकटीने केला, मी फक्त समोर बसले होते.

सुटलेल्या पट्ट्या मोकळ्या फासांच्या बाजूने सरसर उसवल्या. त्यांतून ५६ ग्रॅम लोकर निघाली. उजव्या बाहीच्या खालूनही याच रीतीने १४ रेघा काढल्या. साडेबावीसची बाही एकोणीसवर आणायची होती; अंगाची रुंदी टांगल्यावर साडेवीस राहते, म्हणून दंडावरचा उतार तीनच इंच धरला, आणि तीन नि एकोणीस बावीस. तिची १५ ग्रॅम लोकर, वर नमुना उसवून आधीचे २० ग्रॅम. एकूण ९० च्या आसपास. डावी बाही पूर्ण टाकून देऊन नवी विणायला एवढं पुरतं. बाजारात आता तोच रंग मिळाला असता, तोच लॉट मिळाला नसता. एका लॉटची बाही दुसऱ्या लॉटच्या अंगाला जोडली की उन्हात उघडी पडते. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी बांधली, कोमट पाण्यातून काढून वाळवली. नागमोडी बरीचशी गेली. नवी बाही ८० रेघांची.

गळा आणि खांदे राहिले. खांद्याच्या शिवणीवर आतून सुती पट्टी शिवली, एका खांद्याच्या टोकापासून मागच्या गळ्यावरून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. पट्टी ताणत नाही, त्यामुळे शिवणीवरची ओढ आता फासांवर न येता तिच्यावर येते. पट्टी शिवताना गळ्याचे १० इंच चुण्या न पाडता साडेआठवर आवळून घेतले. दुकानातल्या टी-शर्टच्या मानेमागे आतून जी पट्टी असते ती याच कामाची. हातविणीच्या स्वेटरला ती लावायची पद्धत आपल्याकडे नाही. ढगळ आणि जड स्वेटरला लावावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्तीनंतर हँगरवर उंची सव्वाचोवीस. वजन ५०० च्या जरा आत. एक इंच जो कायमचा वाढला होता तो काही परत आला नाही, पण तो हिशेबात जमा झाला. घेर मात्र ४१ च राहिला, ४४ नाही. मुलीला ते चाललं. नवी बाही जवळून पाहिलं तर उजवीपेक्षा किंचित खरबरीत दिसते, उसवलेल्या लोकरीची. खालची नवी कड वरच्या कापडापेक्षा थोडी घट्ट आहे. जाड सुई घेऊनही वहिनींचा हात टाके बंद करताना आवळतो. धुण्याची रीत बदलली: टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं, चटईवर पसरून वाळवायचं, कपाटात हँगरला न लावता घडी घालून ठेवायचं. हॉस्टेलवर चटई पसरायला जागा कुठे, म्हणून तो आता महिन्यातून एकदा खानापूरला येऊन धुतला जातो.

पुढचा स्वेटर वहिनींनी पुतणीसाठी घातलाय. तोच ढगळ, तोच गार्टर, पण ८ नंबरच्या सुईवर आणि आडवा. म्हणजे खालून वर न विणता एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. सुईवर जे टाके असतात ती स्वेटरची उंची होते आणि रेघा उभ्या येतात. नवा नमुना आडवा टांगून पाहिला तर ६ इंचांना पाव इंच वाढला, जास्त नाही, कारण भाता जिकडे उघडतो ती दिशा आता आडवी झाली. इंचाला पाच टाके पडतात. टांगून २४ हवा म्हणून २३ इंच धरून ११५ टाके घातले, आणि २२ इंच रुंदीसाठी ११० रेघा. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यायचा, म्हणजे कडेला साखळी पडते, एका रेघेला एक. खांद्याची शिवण साखळी मोजूनच: ३२ इकडे, ३२ तिकडे, मधल्या ४६ गळ्याला. उभ्या रेघांमुळे अंग बारीक दिसतं म्हणून पुतणी आधीच खूश आहे.

बाह्या वेगळ्या विणायच्या नाहीत. दोन्ही अंगं खांद्याशी जोडून पुतणीच्या अंगावर चढवायची, दंडावरच्या कडेने टाके उचलायचे आणि मनगटाकडे विणत जायचं. ह्या बाहीत रेघा पुन्हा आडव्या येणार, थोडी लोंबणार. पण शेवट मनगटाशी असल्यामुळे हव्या तेवढ्या ओळी उसवता येतात. टाके बंद करायच्या आदल्या रात्री अर्धवट स्वेटर सुईसकट टांगून ठेवायचा, सकाळी पुतणीला घालायला लावायचा आणि मगच लोकर तोडायची, असं ठरलंय.